शस्त्राला तेल कोणते द्यावे?

(खंडेनवमीच्या शस्त्रपूजन कार्यक्रमात माजी सैनिक, परवानाधारक शेतकरी आणि नेमबाजीचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे रुंद पात्याची तलवार. या दिवशी तलवार, भाला, बंदूक यांच्या जोडीने सुताराचा रंधा, लोहाराचा हातोडा आणि शेतकऱ्याचा नांगर यांचीही पूजा होते. कर्नाटकातील कोडगू प्रांतात कोडव समाजाचा कैलपोद् हा शस्त्रपूजेचा सण याच सुमारास, पावसाळा उतरणीला लागल्यावर येतो. या सणांना धार्मिक अर्थ आहे, तसा एक अत्यंत व्यवहारी अर्थही आहे. चार महिने दमट हवेत पडून राहिलेले लोखंड आता बाहेर काढा, उजेडात पाहा, गंज धरला असेल तर झाडा आणि पुढील वर्षासाठी त्याला तेल द्या. पूजेच्या आधीचे हे घासणे-पुसणे हीच पूजेची खरी तयारी होय. गंजलेल्या नळीला हार घातल्याने ती नळी विश्वासास पात्र होत नाही.

मात्र ‘तेल द्या’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो. कोणते तेल? स्वयंपाकघरातील खोबरेल, शिलाई यंत्राचे पातळ तेल, मोटारीच्या इंजिनातील तेल, की दुकानात मिळणारा महागडा फवारा? बंदूक धुण्यासाठी रॉकेल चालेल काय? पाणी लावले तर गंजणार नाही काय? हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु याच किरकोळ प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी रणांगणावर माणसे मेली आहेत. म्हणून आजच्या विषयाचे सूत्र प्रथमच सांगितलेले बरे : ‘सर्वांत चांगले तेल कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. शस्त्राचा शत्रू कोणता, हे आधी ओळखावे लागते आणि त्या शत्रूनुसार द्रव्य निवडावे लागते. तो शत्रू कोणता हे, शस्त्र ज्याच्या हातात आहे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आज्ञापत्रातील तेल आणि मेण

ही दृष्टी आपल्या राज्यकारभाराला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. त्यात गडावरील दारूगोळ्याची व्यवस्था सांगताना अमात्य अगदी बारीकसारीक तपशिलात उतरतात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, असे ते बजावतात. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे आणि तोफांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावीत, ही सूचनाही तेथे आहे.

या सूचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने धो धो पाऊस पडतो. नुसते तेल तेथे टिकत नाही, पहिल्याच सरीत वाहून जाते. मेण टिकते. तोफेच्या छिद्रातून पाणी आत गेले तर आतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून छिद्र बंद करायचे. शत्रू कोण? पाऊस. त्याचा मार्ग कोणता? काना. मग उपाय कोणता? मेण. तीनशे वर्षांपूर्वी एका राज्यधुरंधराने ज्या क्रमाने विचार केला, तोच क्रम आजही बरोबर आहे.

तीन कामे, तीन द्रव्ये

बंदुकीच्या निगेत तीन वेगवेगळी कामे असतात आणि बहुतेक घोटाळे ती एकच समजल्यामुळे होतात. पहिले काम सफाईचे. बार उडाल्यावर नळीत आणि यंत्रणेत जो मळ साचतो, तो विरघळवून काढणे. दुसरे काम वंगणाचे. एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये असा थर ठेवणे, की धातू धातूला भिडणार नाही. तिसरे काम रक्षणाचे. हवेतील ओल आणि हाताचा घाम लोखंडापर्यंत पोहोचू नये असे आवरण देणे.

या तीन कामांना लागणारे गुण परस्परविरोधी आहेत. सफाईचे द्रव्य पातळ, भेदक आणि लवकर उडून जाणारे हवे. वंगण जागेवर चिकटून राहणारे हवे. रक्षणाचा थर तर महिनोन्महिने न हलणारा हवा. बैलगाडीच्या आसाला घालायचे दाट ओंगण शिलाई यंत्राला कोणी घालत नाही आणि शिलाई यंत्राच्या तेलावर बैलगाडी चालत नाही, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. बंदुकीपुढे आले, की मात्र हे भान सुटते.

बाजारातील एका प्रसिद्ध निळ्या-पिवळ्या डब्याचेच उदाहरण घ्या. ‘डब्ल्यूडी-४०’ हे नावच मुळी ‘पाणी हटवणारे, चाळिसावे मिश्रण’ अशा अर्थाचे आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ते तयार झाले आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याचे गंजापासून रक्षण करण्यासाठी वापरले गेले. भिजलेल्या बंदुकीतील पाणी हुसकावण्याचे काम ते उत्तम करते. परंतु त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर फार पातळ असतो. तो फवारला म्हणजे वर्षभराची चिंता मिटली, असे समजणारा माणूस त्या द्रव्याला त्याचे नसलेले काम सांगत असतो.

मीठ तेलाने निघत नाही

आता शत्रूंची ओळख करून घेऊ. पहिला आणि सर्वांत जुना शत्रू म्हणजे मीठ.

कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका अजूनही घराघरांत आहेत. त्यांत वापरतात ती काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ती जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओल ओढून घेतात आणि पावसाळी हवेत एका रात्रीत नळी लाल करून सोडतात. हे क्षार खनिज तेलात विरघळत नाहीत. उलट तेल आणि काळी राख एकत्र आली, की डांबरासारखा चिकट लगदा होतो. यावर औषध एकच, आणि ते फुकटचे आहे : गरम पाणी, हवे तर थोडा साबण. धुतल्यावर नळी लगेच कोरडी करायची आणि मगच तेलाचा हात द्यायचा. बंदुकीला पाणी लावू नये, हा समज येथे सपशेल चुकीचा ठरतो.

धूरविरहित दारू आल्यावर ही राख गेली. मीठ मात्र दुसऱ्या वाटेने आले. काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ठिणगी पडली, की त्यातील ऑक्सिजन निघून जाई आणि पोटॅशियम क्लोराइड उरे. हा खाण्याच्या मिठाचाच सख्खा भाऊ. ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या रायफलीच्या काळात सैनिकांना हे शिकवलेले असे. गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतायचे. पाणी उकळते अशासाठी, की मीठ लवकर विरघळावे आणि तापलेली नळी आपोआप सुकावी. मग दस्त्याच्या पितळी झाकणाखाली ठेवलेली दोरी, म्हणजे पुल-थ्रू, काढून तिला फ्लॅनेलची चिंधी बांधून नळीतून ओढायची आणि शेवटी तेलाचा हात फिरवायचा. हे तेल ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून निघे, म्हणून ते ‘रंगून ऑइल’ या नावाने ओळखले जाई. आज सभागृहात बसलेल्या काही ज्येष्ठ माजी सैनिकांच्या नाकात तो वास अजून असेल.

आधुनिक काडतुसांच्या टोप्यांत क्लोरेट नसते. परंतु जुन्या साठ्यातील, विशेषतः सोव्हिएत काळातील पूर्व युरोपातील लष्करी काडतुसांत ते सर्रास असे. अशी काडतुसे उडवून नळीला केवळ महागडे तेल चोळणारा माणूस मीठ तेलाखाली झाकून ठेवतो. गंज तेलाच्या थराखाली निवांत वाढत राहतो.

१८५७ : वंगण ठरवले कोणी?

वंगण हा तांत्रिक विषय आहे, त्यात श्रद्धेचा आणि माणसाचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून ठासायची होती. तिच्या नळीत आटे होते. कागदी काडतुसाचे गोळीकडील टोक वंगणात बुडवलेले असे. हे वंगण चैनीसाठी नव्हते. त्याशिवाय चार-दोन बारांनंतर काळ्या राखेने नळी इतकी आवळे, की गोळी खाली उतरत नसे. म्हणजे वंगण आवश्यक होते, प्रश्न होता तो कशाचे याचा. इंग्लंडमध्ये त्यासाठी जनावराची चरबी आणि मेण वापरत. काडतूस दातांनी फाडण्याची कवायत होती. हिंदू आणि मुसलमान शिपायांच्या तोंडात जाणारी चरबी कोणत्या जनावराची, हे पाहण्याची तसदी घेतली गेली नाही.

धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती असे नाही. वंगण लावलेली काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हा डिसेंबर १८५३ मध्येच बंगाल सेनेचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लिहिले होते, की वंगणात शिपायांच्या धर्माला बाधक काही नाही याची खात्री झाल्याविना ती देऊ नयेत. तो कागद दप्तरात पडून राहिला. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत कुजबूज सुरू झाली. मग जनरल हिअर्सी यांच्या शिफारशीवरून सरकारने जानेवारीअखेर परवानगी दिली, की शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे पदार्थ आणून स्वतः वंगण लावावे. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही आली. पण वेळ निघून गेली होती. संशय वंगणावरून काडतुसाच्या कागदाच्या चकाकीवर गेला. २९ मार्च रोजी बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातील ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ती काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मेला ज्वाला भडकली.

१८५७ चा उठाव केवळ काडतुसांमुळे झाला नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वधर्म आणि स्वराज्य ही खरी कारणे असल्याचे मांडले, ते सर्वश्रुत आहे. परंतु आजच्या विषयापुरता बोध असा : मेण आणि तूप किंवा तेल यांचे वंगण पहिल्यापासून शक्य होते. चरबी उन्हात वितळते आणि काही काळाने खवट होऊन आम्लधर्मी बनते, तेव्हा उष्ण देशात ती तांत्रिकदृष्ट्याही उत्तम निवड नव्हती. ज्याच्या तोंडात ते वंगण जाणार होते, त्याला कोणी विचारलेच नाही.

रायफल स्वतःला साफ करत नाही

हीच चूक शंभर वर्षांनंतर, वेगळ्या देशात आणि वेगळ्या रूपात पुन्हा झाली. व्हिएतनाम युद्धात १९६५-६६ पासून अमेरिकी सैनिकांच्या हाती नवी एम-१६ रायफल मोठ्या प्रमाणावर आली. ती वजनाला हलकी होती आणि तिला फारशी सफाई लागत नाही, असा समज सैन्यात पसरला होता. सफाईचे साहित्य पुरेसे पाठवलेच नाही. त्यातच १९६४ पासून काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता. नव्या दारूने रायफलीचा गोळीबाराचा वेग वाढला आणि मळही अधिक साचू लागला. त्या रायफलीत दारूचा वायू थेट यंत्रणेत येतो, त्यामुळे हा मळ नेमका हलणाऱ्या भागांत बसे. काडतूस बसण्याच्या खोबणीला क्रोमियमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंजाचे खड्डे पडत आणि उडालेले पुंगळे आत घट्ट अडकून बसत. मग सैनिकाला शत्रूसमोर नळीच्या तोंडातून गज घालून पुंगळे बाहेर ठोकावे लागे. गज सर्वांकडे नव्हता. काही सैनिक उघडलेल्या रायफलीसह मृतावस्थेत सापडले, अशी पत्रे रणांगणावरून अमेरिकेत आली.

या पत्रांचा गाजावाजा झाल्यावर प्रतिनिधिगृहाने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. ऑक्टोबर १९६७ च्या तिच्या अहवालात लष्करी व्यवस्थापनावर कडक ताशेरे होते. त्यानंतर खोबणीला क्रोमियम चढवले गेले, सफाईचे संच गेले आणि दस्त्यात ते ठेवण्यासाठी जागा झाली. वंगणातही बदल झाला. पातळ रक्षक तेलाच्या जागी यंत्रतोफांसारख्या स्वयंचलित शस्त्रांसाठीचे पांढरे, अर्धप्रवाही वंगण आले. १९६८ मध्ये तर प्रसिद्ध चित्रकथाकार विल आइस्नर यांच्याकडून निगेची सचित्र पुस्तिका करून घेण्यात आली, कारण दमलेला विशीतला सैनिक जाडजूड नियमावली वाचत नाही. पुढे सफाई, वंगण आणि रक्षण ही तिन्ही कामे एकाच बाटलीतून करणारे ‘सीएलपी’ नावाचे मिश्रण अमेरिकी सैन्याने स्वीकारले. ते सोयीचे आहे आणि बहुतेकांना पुरेसेही आहे. परंतु तीन कामे एकट्याने करणारा गडी प्रत्येक कामात पहिला नंबर मिळवत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

थंडी, वाळू आणि पाऊस

हवामान हा शत्रू सर्वांत फसवा आहे, कारण तो जागेप्रमाणे वेष बदलतो. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याचे वंगण गोठले आणि बंदुकांचे खटके हलेनात. घरी उत्तम असलेले तेल तेथे गोंद झाले. अतिथंडीत त्यासाठी बनवलेले पातळ तेल, तेही अत्यल्प, किंवा पूर्ण कोरडे शस्त्र हाच उपाय असतो. सियाचीनसारख्या, पारा उणे ५० अंशांकडे झुकणाऱ्या जागी आणखी एक पथ्य लागते. बाहेरून आणलेली बंदूक उबदार तंबूत नेली, की तिच्या अंगाखांद्यावर दव धरते. ती पुन्हा बाहेर नेली, की त्या दवाचे बर्फ होते. म्हणून शस्त्र बाहेरच आडोशाला ठेवणे अनेकदा शहाणपणाचे असते. कारगिल युद्धात, १९९९ मध्ये, आपल्या इन्सास रायफलीविषयी ज्या तक्रारी आल्या, त्यांत थंडीने मॅगझिनला तडे जाण्याबरोबरच गोळीबाराच्या वेळी तेल डोळ्यांत उडण्याचीही तक्रार होती. तेल कुठे, किती आणि कसे राहते हा प्रश्न कागदावरचा नाही, तो नेम धरलेल्या सैनिकाच्या डोळ्याचा आहे.

वाळवंटात याच्या उलट. तेथे तेलाचा प्रत्येक जादा थेंब धुळीला आमंत्रण देतो आणि तेल-वाळूचा लगदा कानसासारखा धातू खातो. २३ मार्च २००३ रोजी इराकमध्ये नासिरिया येथे अमेरिकेच्या ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा वाट चुकून शत्रूच्या तावडीत सापडला. ११ सैनिक मारले गेले. अनेकांची शस्त्रे ऐन वेळी अडकली होती आणि वाळवंटी परिस्थितीत वैयक्तिक निगा अपुरी पडल्याने तसे झाले असावे, असे लष्कराच्याच अहवालात म्हटले गेले. नावातच ‘मेंटेनन्स’, म्हणजे देखभाल, असलेल्या तुकडीवर ही वेळ यावी, यातील विदारकता वेगळी सांगायला नको.

पावसाचा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. अमेरिकी गॅरंड रायफलीचे तेल मुसळधार पावसात धुऊन जाई आणि यंत्रणा अडखळे. म्हणून घसरणाऱ्या भागांसाठी दाट ग्रीसची छोटी डबी सैनिकाला देण्यात आली. आज्ञापत्रातील मेणाचीच ही नवी आवृत्ती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आजची निवड

आता घरातील, क्लबातील आणि गावातील शस्त्राकडे येऊ. पहिला नियम तेलाचा नाही. शस्त्र रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. सफाईची बहुतेक द्रव्ये ज्वालाग्राही असतात, तेव्हा देवापुढील समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ हे काम करू नये. खिडक्या उघड्या असाव्यात. पेट्रोल कधीही वापरू नये. नळीतील मळात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याविना अन्नाला लावू नयेत.

मग शत्रू ओळखावा. काळ्या दारूची राख किंवा क्लोरेटचे मीठ असेल, तर प्रथम पाणी. धूरविरहित दारूची काजळी असेल, तर तिच्यासाठी बनवलेले विद्रावक. अशी विद्रावके विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळतात. अमेरिकेतील ‘हॉप्स नंबर नाइन’ १९०३ चे आहे. गोळीवरील तांब्याच्या आवरणाचा थर नळीत बसला असेल, तर अमोनियायुक्त द्रव्य लागते. तांबे विरघळू लागले, की चिंधी निळी पडते. पण कुंचला पितळी असेल तर त्याचेच तांबे विरघळून निळाई येते आणि माणूस उगाच नळी घासत बसतो. अमोनिया रात्रभर नळीत ठेवू नये आणि निकेलचा मुलामा असलेल्या शस्त्राला तो लावूच नये. सफाई झाली, की विद्रावक पूर्ण पुसून काढावे. त्याने मळाबरोबर तेलही काढलेले असते, म्हणजे त्या क्षणी लोखंड उघडे असते.

शक्य असेल तेथे गज मागच्या बाजूने घालावा. नळीच्या तोंडाची कड गजाने झिजली, तर नेम कायमचा बिघडतो. नेमबाजीच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील काडतूस पॉइंट टू-टू आकाराचे असते. त्याच्या शिशाच्या गोळीला स्वतःचेच मेणासारखे वंगण असते. नळीत तेल राहिले, की पहिल्या गोळ्या भरकटतात. म्हणून सरावापूर्वी कोरड्या चिंध्या ओढाव्यात. स्प्रिंगच्या एअर रायफलीच्या दाबकक्षात तर खनिज तेल घालूच नये. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते आणि यंत्रणेची हानी करते.

वंगण कुठे द्यावे, हे शस्त्र स्वतः सांगते. जेथे रंग उडून धातू चकाकतो, तेथे घर्षण आहे आणि तेथेच थेंब हवा. भार घेऊन घसरणाऱ्या भागांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, वेगाने फिरणाऱ्या बारीक भागांना तेल. काडतुसे, मॅगझिनचे अंतरंग आणि गोळी बसण्याची खोबण कोरडी असावी. भेदक तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले, तर ऐन वेळी बार फुसका निघतो. फायरिंग पिनच्या मार्गातही तेल भरू नये. तेथे ते काजळी धरून घट्ट होते. खोबरेल किंवा तिळाचे तेल हवेने हळूहळू चिकट होत जाते, म्हणून यंत्रणेसाठी ती योग्य नाहीत. शिलाई यंत्राचे तेल वाईट नाही, पण ते लवकर उडून जाते. वापरले तर निगाही वारंवार हवी. निर्मात्याने दिलेल्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

ठेवताना बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला बाधतात. नळी किंचित खाली झुकलेली असावी, म्हणजे जादा तेल लाकडी दस्त्यात मुरून लाकूड सडणार नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी सुकवाव्यात. कोकणात आषाढ-श्रावणात महिन्यातून एकदा तरी शस्त्र उघडून पाहावे.

वाडवडिलांची तलवार किंवा जुनी तोड्याची बंदूक घरात असेल, तर मात्र हात आवरावा. चिंच, लिंबू, पितळ उजळण्याच्या पावडरी यांनी ती घासू नये. पात्यावरील जौहर आणि मुठीवरील कोफ्तगिरीचे सोने एकदा गेले, की परत येत नाही. संग्रहालयांत अशा वस्तूंना अतिशुद्ध, आम्लरहित मेणाचा पातळ थर देतात. पुन्हा मेणच.

आणि शेवटी आजच्या दिवसाविषयी. पूजेत शस्त्राला हळद-कुंकू, ओली फुले, पाण्याचे शिंतोडे लागतात, सर्वांचे हात लागतात. हळद-कुंकवाची पूड ओल धरते, फुलांच्या रसात आम्ल असते, बोटांच्या घामात मीठ असते. दसऱ्याला सोने लुटून घरी परतल्यावर अनेक घरांत शस्त्र तसेच कुंकवासह पेटीत जाते आणि पुढच्या खंडेनवमीला बाहेर येते, तेव्हा कुंकवाच्या जागी गंजाचा टिळा असतो. यात शस्त्राचा अनादर करण्याचा हेतू कोणाचा नसतो, पण परिणाम तोच होतो. तेव्हा पूजा उतरली, की शस्त्र हातात घ्यावे, कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तेलाचा हात द्यावा आणि मगच ते पेटीत ठेवावे. घरातील मुलाला हे काम शेजारी बसवून शिकवावे आणि कोणते तेल, कुठे, किती आणि का, हे त्याला सांगावे.

अमात्यांनी गडावरच्या हवालदाराला जे काम नेमून दिले होते, ते आज प्रत्येक परवानाधारकाचे आहे. ज्याच्या हाती शस्त्र, त्याच्याच हाती त्याची निगा.